चौऱ्याण्णवावं स्तोत्र, नुसत्या पेटीवर

नगर
२४ जून २०२५

सुहासदादा, सलाम.

वहिनीला सांग, तांदूळ पोचला. निवडायला बसले तर खडा एक सापडेना, म्हणजे तिनंच निवडून पाठवलाय. एवढं कशाला करते ती? तुझ्या कानातल्या मशीनचं काय झालं? मशीन घातलं की मिक्सर ऐकू येतो आणि माणसं ऐकू येत नाहीत असं तू लिहिलं होतंस. तसं असेल तर काढूनच ठेव बाबा. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलवर तू चार शब्दांपलीकडे वाचत नाहीस, त्यामुळे आपलं पोस्टाचंच बरं चाललंय.

आता काम सांगते. तू रागावणार हे धरूनच सांगते.

ऑगस्टमध्ये कल्याणराव रणपिसे ऐंशी वर्षांचे होतायत. चर्चमध्ये त्यांच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवलीय. त्यांचा मुलगा रविराज परवा घरी आला होता. हल्ली कमिटीचा सेक्रेटरी तोच आहे. म्हणाला, गाणी नेहमीचीच असू देत, पण पप्पांची इच्छा आहे की एक काहीतरी तुम्ही एकट्यानं वाजवावं. नुसत्या पेटीवर, शब्दांशिवाय. मी हो म्हणाले.

शाळेत असताना तू गॅदरिंगसाठी बांधायचास तसं काहीतरी बांधून दे. पाच-सात मिनिटांचं पुरे. शांत असू दे. एखाद्या स्तोत्रावर बांधलंस तर चर्चमध्ये शोभेल. तेविसावं घे, सगळ्यांना तोंडपाठ आहे.

तुझ्या डोक्यात काय येईल ते मला माहीत आहे. येऊ देऊ नकोस. आमचे हे गेल्यापासून माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्यात, शुगर आणि चर्चमधली पायपेटी. त्यातली एक मला हवी आहे.

तुझी
दमू


अकोले
३ जुलै

दमू,

सलाम तुला. त्या चर्चमधल्या बाकी कुणाला नाही.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. राजनंदिनी चहा घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली (तिचं मला ओठांवरून कळतं), "आवं, कोन गेलं?" म्हटलं, कुणी गेलं नाही, तेच तर दुखणं आहे.

कल्याण रणपिसे ऐंशीचा! आणि त्याच्यासाठी उपकारस्तुती! कसले उपकार ते तरी विचारलंस का?

तुला विसरायची सवय आहे, मला नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी राजनंदिनीशी रजिस्टर लग्न केलं. ती हिंदू, शेतकऱ्याघरची. बाप्तिस्मा घेणार नाही म्हणाली, मीही घे म्हटलं नाही. बाबा लग्नाला आले, मांडवात बसून त्यांनी पेटी वाजवली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. नारायण हिवाळे मास्तरांचा गुन्हा एवढाच. कल्याण तेव्हा सेक्रेटरी. त्यानं बाबांना मंडळीच्या शिस्तीखाली ठेवलं. ज्या माणसानं सगळे रविवार त्या पायपेटीवर काढले त्याला उठवून मागच्या बाकावर बसवलं, प्रभुभोजन बंद केलं. वर्षाच्या आत बाबा गेले. त्यांना चर्चमध्ये आणलं तर पायपेटीला कुलूप, आणि किल्ली कल्याणच्या कोटाच्या खिशात. मी त्याच्या पाया पडलो. तू बघितलंस, दमू. म्हटलं, एकच गीत वाजवू द्या, मी वाजवतो, नाहीतर दमू वाजवेल. तो म्हणाला, शिस्तीखालच्या माणसाला पेटी नाही आणि घंटाही नाही. सगळी मंडळी खाली मान घालून उभी होती.

पुढे त्यांना वाजवणारं कुणी मिळेना तेव्हा त्यांनी तुला बोलावलं, आणि तू गेलीस. तेव्हा मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. आता म्हणतो, बरं केलंस. आज त्या पेटीवर आपलं माणूस बसलंय.

तेविसावं नाही. चौऱ्याण्णवावं. बायबल काढ आणि वाच. सूड घेणाऱ्या देवाला ऊठ, प्रकट हो, म्हणून हाक मारलीय त्यात. विधवेला, परक्याला आणि पोरक्यांना मारायचं आणि वर देवाला काही दिसत नाही म्हणायचं, अशा गर्विष्ठांचं शेवटी काय होतं तेही आहे. परकी कोण आणि पोरकी कोण हे तुला वेगळं सांगायला नको.

मी चर्च सोडलं, स्तोत्रं नाही सोडली. पानं पाठवतो.

सुहास


नगर
२८ जुलै

दादा, सलाम.

पानं आली. मी ती आठवडाभर कपाटात ठेवली. म्हटलं, वाजवायची नाहीत. तेविसाव्याचं काहीतरी माझं मीच जुळवीन, लोकांना काय कळतंय. मग बुधवारी चर्च झाडायला उघडलं होतं, म्हणून गेले आणि उगाच पहिलं पान समोर ठेवलं.

काय लिहिलंयस रे हे!

पहिल्या भागात नुसती हाक आहे. खालच्या पट्टीवरून वर चढते, वर कुणी नाही असं बघून परत खाली येते. तीनदा. तिसऱ्यांदा मला भीती वाटली. दुसऱ्या भागात डाव्या हाताला जे चालू ठेवलंयस ते आमच्या कमिटीच्या मीटिंगसारखं आहे, सगळे एकदम बोलतात आणि कुणीच ऐकत नाही. मी हसले. तिसरा भाग, पाय घसरतो आणि कुणीतरी धरतं, तो तर बाबांनीच लिहावा तसा आहे. आणि चौथा. दादा, चौथ्यात गुडघ्याची दांडी पूर्ण बाहेर ढकल म्हणून तू लाल पेननं लिहिलंयस. ढकलली. पेटीचा होता नव्हता तेवढा आवाज बाहेर आला. झाडणारी बाई झाडू टाकून दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, कुनावर एवढा राग?"

कान गेलेल्या माणसानं हे लिहिलं कसं?

पण ऐक. हे मी वाजवायचं कसं? कमिटीत अर्धी माणसं त्यांच्याच घरातली. रविराजला जरा जरी वास लागला तरी मला पेटीवरून उठवतील. कुणाला दुखवायला नको म्हणून मी आजवर तिथे जीव मुठीत धरून वाजवलंय. शनिवारी तालीम, रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थना, लग्नं, मयती. पेटी गेली तर मी दिवसभर भिंतीकडे बघत बसू? तुला वहिनी आहे, शेत आहे. मला कोण आहे?

आणि हे सगळं लिहूनही सांगते की कालपण मी जाऊन चौथा भाग वाजवून आले. दोन वेळा.

दमू


अकोले
४ ऑगस्ट

दमू,

वाजवायचंच आहे. तू पत्राच्या शेवटी स्वतःच सांगितलंयस.

आता नीट वाच. पेटी बोलत नाही, ही अडचण आहे. तू कितीही आदळआपट केलीस तरी तो पुढच्या खुर्चीवर हार घालून बसेल आणि छान छान म्हणेल. त्याला कळलं पाहिजे. म्हणून वाजवण्याआधी उभी राहा आणि फक्त एवढंच सांग, "हे चौऱ्याण्णवाव्या स्तोत्रावर आहे." बस. एक शब्द जास्त नको. आपल्या लोकांना तू ओळखतेस. वचनाचा आकडा कानावर पडला की हात आपोआप बायबलकडे जातो, म्हाताऱ्या बायका सुद्धा चष्मे शोधतात. तू वाजवत असताना अख्खी मंडळी ते वाचत असेल. तोही वाचेल. ज्यांनी तेव्हा माना खाली घातल्या होत्या त्यांना पुन्हा घालू दे.

आणि तुला कुणी काही म्हणूही शकणार नाही. बायबलमधलंच आहे, हिवाळ्यांनी घुसडलेलं नाही.

राजनंदिनीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढा राग हाय तर त्याच्या दारात जाऊन तोंडावर बोला की. पेटीत कशाला दडवताय?" तिला काय कळतंय! तोंडावर बोललं तर तो उलटून बोलेल. पेटीला उलटून बोलता येत नाही.

चौथा भाग घाईनं वाजवू नकोस. शेवटचा सूर त्याच्या खुर्चीखाली गेला पाहिजे.

सुहास


नगर
१९ ऑगस्ट

दादा,

वाजवलं. पण जे झालं ते तुला कसं सांगू तेच कळत नाही.

कल्याणराव पुढे बसले होते. खूप वाळलेत. हार जड झाला म्हणून त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. माझी वेळ आली. उठले आणि सांगितलं, हे चौऱ्याण्णवाव्या स्तोत्रावर आहे. तू म्हणालास तसंच झालं. बायबलांची पानं एकदम सळसळली. मी बसणार तेवढ्यात पाळकसाहेबांना हुक्की आली. म्हणाले, उत्तम! मग आजच्या उत्सवमूर्तींनीच स्तोत्र वाचावं आणि मग आपण संगीत ऐकू.

कल्याणराव उभे राहिले. मला वाटलं, आता यांना कळणार, आता यांचा आवाज अडखळणार. खरं सांगते, मला आनंद झाला. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

ते वाचायला लागले. पहिल्याच ओळीला त्यांचा आवाज चढला. गर्विष्ठांचं आलं तिथे त्यांनी मान वर करून कमिटीच्या बाकाकडे बघितलं, रविराजकडे! तुला माहीत नसेल, मागच्या वर्षी रविराजनं त्यांना ट्रस्टवरून काढून स्वतःचं नाव लावलं. बापलेक एका घरात राहून बोलत नाहीत, निरोप आईच्या तोंडून. दादा, त्या माणसानं ते सगळं स्तोत्र स्वतःचं म्हणून वाचलं. त्यांच्या लेखी गरीब तेच, छळलेले तेच, आणि देव उठणार तो त्यांच्यासाठी. वाचता वाचता रडले. आणि मग बसले आणि मला हातानं खूण केली, वाजव.

मी वाजवलं. चांगलं वाजवलं, काय करू, तू लिहिलंयसच तसं. चौथ्या भागात मी दात खाऊन दांडी ढकलली आणि ते डोळे मिटून मान डोलवत होते.

नंतर माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "दमयंती, माझ्या मनातलं तुला कसं कळलं? माझ्या मयतीला हेच वाजव. आणखी काही नको."

घरी येऊन मी जेवले नाही.

दमू


अकोले
२६ ऑगस्ट

दमू,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होतो.

म्हणजे आता ते त्याचं झालं! मी रात्र रात्र जागून पेटीच्या लाकडाला तळहात लावून, सूर हाताला कळेपर्यंत एकेक ओळ घासली ती त्याच्या डोळ्यांतून पाणी काढायला, पण ते असलं पाणी नव्हे! चोरानं आपल्याच घरात बसून चोर चोर म्हणून ओरडावं तसा प्रकार आहे हा.

बापाला कुलूप लावणाऱ्याला आपण स्वतः छळलेले आहोत असं वाटतं. वाटो. पण माझ्या सुरांवर नाही.

त्याच्या मयतीला तू ते वाजवायचं नाहीस. हे मी विनवणी म्हणून लिहीत नाही. तुझा भाऊ म्हणून नाही, बाबांचा मुलगा म्हणून सांगतोय. वाजवलंस तर तू त्याची.

राजनंदिनी म्हणते, "म्या सांगितलं हुतं." हिला लई समाधान झालंय.

सुहास


नगर
३० सप्टेंबर

दादा, सलाम.

वहिनीचं ऐकलं. गेले त्यांच्या दारात.

मागच्या आठवड्यात ते पडले, कंबरेचं हाड मोडलं, आता पलंगावरच आहेत. त्यांच्या बायकोनं, पुष्पावतीबाईंनी, चहा केला. फार गरीब बाई आहे. आपल्या आणि त्यांच्या भांडणातलं तिला काही ठाऊक नाही, त्या काळात ती माहेरीच असायची, आजारी. मला म्हणाली, तुम्ही वाजवलं त्या दिवसापासून हे रोज तेच स्तोत्र वाचायला लावतात, मला वाचता येत नाही नीट, तुम्ही वाचा ना. मी वाचलं नाही.

ती आत गेल्यावर सांगितलं. सगळं सांगितलं. म्हटलं, ते तुमच्यासाठी नव्हतं, तुमच्यावर होतं. सुहासनं लिहिलंय. नारायण मास्तरांसाठी. तुम्ही पेटीला कुलूप घातलं होतं त्यासाठी.

मला वाटलं होतं, एकतर त्यांना आठवणार नाही, नाहीतर ते माफी मागतील. दोन्हीसाठी मी तयारी करून गेले होते. त्यांना सगळं आठवत होतं. कुठला वार होता ते सुद्धा. शांतपणे म्हणाले, "तुझा बाप शिस्तीखाली होता. नियम मी केला नाही, पण पाळायचं काम माझं होतं. मी चुकलो नाही. आज तसंच घडलं तर आजही कुलूप घालीन." मग म्हणाले, "तुझा बाप वाजवायचा मात्र चांगला. असो. मी कुणाच्या शिस्तीखाली नाही. माझ्या वेळी तू वाजवायचंस."

मी हो म्हणाले.

तू चिडशील. चीड. पण मी हो म्हणाले आहे आणि दिलेला शब्द मोडणार नाही. यापुढे यावर मला काही लिहू नकोस.

वहिनीचे गुडघे कसे आहेत?

दमू


अकोले
२४ जानेवारी २०२६

दमयंतीबाई,

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं. परवा मोबाईलवर तुमचे चार शब्द आले, "कल्याणराव गेले, उद्या सकाळी". वाटलं, बहिणीला लाज वाटली असेल, म्हणून बोलावतेय. राजनंदिनीची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती घरीच थांबली. मी एकटा पहिल्या गाडीनं आलो. एकतीस वर्षांनी त्या चर्चमध्ये पाऊल टाकलं. मागच्या बाकावर बसलो, बाबांच्या.

मला ऐकू येत नाही. दिसतं.

तुम्ही पेटीवर जाऊन बसलात. माझी पानं समोर लावलीत, माझी, त्यांची पिवळी कड मी ओळखतो. तुमची पाठ दिसत होती आणि पाय. पाय चालू झाले. पान उलटलं. पुन्हा उलटलं. पुढच्या बाकावर लोक माना खाली घालून बसले होते, रविराज डोळ्यांना रुमाल लावत होता, मध्येच उठून तुमच्या कानाशी काही बोलून गेला. मग तुमचा गुडघा बाहेर गेला, दांडी ढकलली, पूर्ण. मी लाल पेननं लिहिलं होतं तशीच. म्हणजे चौथा भाग. तोही सोडला नाहीत.

मी उठलो आणि बाहेर आलो. तारकपूरच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेलीच होती.

बाबांना कुलूप, आणि त्याला माझं संपूर्ण स्तोत्र, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत! तुम्हाला पेटी प्यारी, हे मला आधीच कळायला हवं होतं. ठेवा ती. आपलं नातं इथे संपलं. तांदूळ हवा असेल तर राजनंदिनीला कळवा, तिचं तुमच्याशी भांडण नाही.

सु. ना. हिवाळे


नगर
३ फेब्रुवारी २०२६

दादा,

सलाम. मला बाई म्हणालास ते वाचून आधी रडले, मग हसले, मग परत रडले. अरे मूर्खा, आलास तर शेवटपर्यंत बसायचंस ना! शेजारच्याला एक विचारायचंस! रागानं उठून गेलास तो सगळं घालवून बसलास. पत्राला उत्तर देत नव्हते, कारण इकडे जे चाललं होतं ते संपू दे म्हटलं. आज लिहिते.

मी एकही पट्टी दाबली नाही.

तुझी पानं लावली. बोटं पट्ट्यांवर ठेवली, दाबली नाहीत. पाय चालू केले. पेटी जुनी, भात्याचं चामडं फाटलेलं, हवा कुठून कुठून निसटते, तेवढाच आवाज चर्चमध्ये येत होता. दम लागलेलं माणूस जिना चढतं तसा. पहिला भाग मी मनात वाजवला आणि पान उलटलं. लोकांना वाटलं, सुरू होईल. खोकले, मग कुजबुज. दुसऱ्या भागात पाळकसाहेब पुढे वाकून बघायला लागले. तिसऱ्यात रविराज उठून आला आणि कानाशी म्हणाला, "बाई, आवाज येत नाहीये. बिघडलीय का?" मी पान उलटलं. चौथ्या भागाला गुडघ्यानं दांडी ढकलली, पूर्ण, तू लिहिलंयस तेवढी. एक मात्रा खाल्ली नाही, दादा. शेवटचा सूर संपेपर्यंत बसले. तू पाठमोरा निघून गेलास तेव्हा मी तिथेच होते.

मग झाकण लावलं आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिले. म्हटलं, "कल्याणरावांची इच्छा होती, ती मी पुरी केली. नारायण मास्तरांना या चर्चमधून शेवटचं जेवढं संगीत मिळालं तेवढं त्यांना दिलं. कमी नाही, जास्त नाही."

तुझ्या वेळच्या ज्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांना कळायचं होतं त्यांना कळलं. त्यांनी माना खाली घातल्या. रविराज मोठ्यानं रडला, बापाशी न बोलणारा रविराज. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तुला मी चांगली वाटेन. पण मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. पुष्पावतीबाई समोरच बसल्या होत्या. मी वाजवत होते, म्हणजे वाजवत नव्हते, तो सगळा वेळ त्या हात जोडून, कान देऊन वाट बघत होत्या. मी बोलले तेही त्यांना कळलं नाही. बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, "पेटी दुरुस्त झाली की वाजवाल ना यांच्यासाठी?"

कमिटी बसली. परवा, रविवारी, पाळकसाहेबांनी उपासनेत माझं नाव वाचलं. मंडळीच्या शिस्तीखाली, पेटीवरून बंद, प्रभुभोजन बंद, जाहीर माफी मागेपर्यंत. मी माफी मागणार नाही. उठले, पेटीवरची माझी उशी घेतली आणि मागे जाऊन बसले. तू बसला होतास तिथेच.

पेटी आता कुणाला येत नाही. मंडळीनं तसंच गायला घेतलं. गीत पुष्पावतीबाईंनी सांगितलेलं होतं, कल्याणरावांच्या आठवणीसाठी. कुणी वर धरलं, कुणी खाली, दुसऱ्या कडव्यापर्यंत पाळकसाहेब एकटेच उरले आणि मग तेही थांबले. सगळ्यांना माहीत होतं की सूर कोण देऊ शकतं, पण माझ्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही. पुष्पावतीबाईंनी तेवढी मान मागे वळवली. पांढरी साडी, हातात पुस्तक उघडं. ओठांनी म्हणाल्या, सूर द्या ना.

मी तोंड उघडलं नाही.

तुझी
दमू